आमद, सलामी आणि एक प्रारंभिक परीक्षा

माझी मुलगी यंदा कथकच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेला बसते आहे. पिरंगुटला आमच्या घराजवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास भरतो. ही अगदी पहिली पायरी. तीनतालाच्या 16 मात्रा हातावर मोजायच्या, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली. त्याच ठेक्यावर ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हा तत्कार आधी सावकाश, मग दुगुन, मग चौगुन करायचा. चौगुनीत तिचा पाय अडखळतो. तोंडी प्रश्न विचारून घ्यायचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या महिन्यात चाचा घरी आले होते. घुंगरू बघून म्हणाले, “तू मास्तर माणूस. आपल्या घरातली पोर नाचणार?” शाळेतले एक सहकारी मात्र कौतुकाने म्हणाले, “वा सर, तुमची मुलगी आमची कला शिकते!” खरं सांगतो, चाचांच्या प्रश्नापेक्षा मला तो ‘आमची’ जास्त टोचला.

उत्तर मिळालं मुलीच्या वहीत. पुढच्या परीक्षांत लागतील म्हणून बाईंनी काही व्याख्या आत्ताच लिहून दिल्या आहेत. त्यात ‘आमद’ आहे आणि ‘सलामी’ही. मी उर्दू शिकवतो. आमद म्हणजे येणं, आगमन; हा शब्द फारसीतला. सलामी तर सगळ्यांनाच कळते. कथा सांगणाऱ्या कथकांची ही कला लखनौच्या दरबारात गेली, तेव्हा हे शब्द तिच्यात आले आणि राहिले.

नवाब वाजिद अली शाह यांनी गादीवर येण्याआधीच, 1843 मध्ये, राधा-कन्हैयाची गोष्ट नाट्यरूपात लिहून सादर करवली होती. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध घेतलं आणि नवाबांना कलकत्त्याला जावं लागलं. त्यांच्या दरबाराशी जोडलेल्या कथक घराण्यात पुढे बिंदादीन महाराज, अच्छन महाराज, लच्छू महाराज झाले. याच काळात तवायफांनीही हे नृत्य जपलं. त्यांत मुसलमान बायका पुष्कळ होत्या. वहीत मात्र त्यांची नावं नाहीत. ‘नाच म्हणजे वाईट’ ही चाचांची समजूत त्यांच्या बदनामीतूनच आली, आणि ती फक्त आपल्याच घरांत नव्हती. मराठी मध्यमवर्गातही मुलीने नाचणं कमीपणाचं मानत. अशा काळात, 1947 मध्ये, रोहिणी भाटे यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. त्या लच्छू महाराजांकडे शिकल्या.

परीक्षा घेणाऱ्या मंडळाची गोष्टही अशीच आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. 1931 मध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि जोशीबुवा शिकले ग्वाल्हेरच्या हस्सू खाँसाहेबांकडे.

म्हणजे कथाकार ब्राह्मण, मुसलमान नवाब, तवायफा, पुण्याच्या बाई आणि लाहोरमधली मराठी माणसाची शाळा, एवढ्या सगळ्यांच्या हातांतून ही कला पिरंगुटच्या हॉलपर्यंत आली. कृष्ण वगळून हे नृत्य शिकता येत नाही, तशी सलामी वगळूनही ते पूर्ण होत नाही. चाचांना मी एवढंच सांगितलं, की पोर वाईट काही शिकत नाही, मेहनत शिकते. सहकाऱ्यांना सांगायचं राहिलं आहे: ‘आमची’ म्हणताना मलाही त्यात धरा.

परीक्षेला आठ दिवस उरलेत. मगरिबनंतर अर्धा तास मी टाळी देतो, ती तत्कार करते. चौगुन अजून बाराव्या मात्रेवर सुटते. पुन्हा समेपासून सुरू करतो.