दहा रागांची विस्मृत तबकडी

इतिहास म्हटला की बखरी, सनदा आणि ताम्रपट डोळ्यांपुढे उभे राहतात. परवा जबलपुरातील आमच्या बिऱ्हाडी मात्र एका तबकडीवरून वाद पेटला. बदलीपायी मुंबई-नागपूर सोडून इकडे आलेली ही मंडळी. त्यांना मी चरणजित सिंग यांचा यमन ऐकवला. दोन मिनिटांतच एक वडीलधारे गृहस्थ उद्गारले, "अहो, हे गाणे की गिरणी?"

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी ते गिटार, बास आणि पुढे सिंथेसायझर वाजवीत. गाणे गाजे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव होई; साथीदार बहुधा अनामच राही. (टिपणी आम्ही लिहावी आणि सही वरिष्ठांनी करावी, तसाच हा प्रकार, कारकुनाला तो समजावून सांगावा लागत नाही.) १९८२ साली चित्रपटांत डिस्कोचा सुळसुळाट झाला असता त्यांच्या मनात आले की, तबला बाजूस ठेवून याच ठेक्यावर राग वाजवावेत. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यांनी घेतले. दहा म्हटल्यावर भातखंड्यांचे दहा थाट आठवतात खरे. परंतु भूपाळी आणि यमन दोन्ही कल्याण थाटाचे, तर बिलावल आणि आसावरी थाटांतील एकही राग नाही. निवड शास्त्रापेक्षा कानाच्या ओढीने झालेली दिसते.

वाद्ये तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: सुरावटीसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. हे तिसरे यंत्र एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून घडवलेले. ते फारसे खपले नाही आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. त्यात सोळा पायऱ्यांची आकृती भरून ठेवता येते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. सोळा म्हणताच त्रिताल आठवावा. पण येथे सोळा पायऱ्या मिळून ठोके चारच, आणि तेही एकाच वजनाचे. खाली नाही, त्यामुळे समेची ओढही नाही. आमच्या गृहस्थांना गिरणी ऐकू आली ती येथे. ती घसरण मात्र मींडेच्या इतकी जवळची आहे की, परक्या ठेक्यावरही राग ओळखीचा राहतो.

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेली ही तबकडी चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' ही रचना काढली आणि 'ॲसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार युरोपभर पसरला. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजितांची तबकडी सापडली. त्याने मुंबईत त्यांचा पत्ता काढला आणि २०१० साली तिचे पुनःप्रकाशन केले.

लगोलग हाकाटी झाली की, ॲसिड हाउसचा जनक भारतीय! आपल्याकडे अशा बातमीने ऊर भरून येतो, माझाही आला. परंतु शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाही. शिवाय १९८२ सालीच इंग्लंडच्या 'हेवन सेव्हन्टीन' या नव्या लाटेतील वादकांनी 'लेट मी गो' या गाण्यात हेच यंत्र वापरले होते. अगोदर असणे म्हणजे जनक असणे नव्हे. एकच यंत्र तीन शहरांत तिघांच्या हाती पडले, आणि प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे ते वाजवले. मुंबईच्या कानात राग होते, एवढेच त्यातले आपले. आणि माझ्या मते ते जनकत्वाच्या मानापेक्षा मोलाचे आहे.

खुद्द चरणजितांनी जनकत्वाचा बडेजाव केला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे बसलेला हा वादक सत्तरी ओलांडल्यावर युरोपातील रंगमंचांवर स्वतःच्या नावाने हेच राग वाजवून आला. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.