रसिकांनीं राखलेले स्वर



पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर निघालें कीं, थोड्याच वेळांत कर्नाळ्याच्या किल्ल्यावरचा अंगठ्यासारखा सुळका दिसूं लागतो. या किल्ल्याभोंवतालचें रान १९६८ सालापासून पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखण्यांत आलें आहे. पायथ्याच्या एका गांवीं माझे एक स्नेही राहतात. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस मी त्यांच्याकडे गेलों असतां एके दिवशीं पहांटे आम्ही रानांत फिरावयास गेलों. झाडींत शामा पक्षी गात होता. स्नेह्यांच्या नातवानें खिशांतला फोन काढून तें गाणें टिपून घेतलें आणि घरीं येतांच आजीला ऐकविलें.

त्या वेळीं मला एक जुनी हकीकत आठवली. १८८९ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं लुडविग कोख नांवाच्या आठ वर्षांच्या मुलानें वडिलांनीं दिलेल्या फोनोग्राफवर आपल्या घरच्या पाळीव पक्ष्याचें गाणें उमटवून घेतलें. पक्ष्याच्या आवाजाचें आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें ध्वनिमुद्रण म्हणून तें ओळखलें जातें. आणि तो पक्षी दुसरा कोणी नसून शामाच होता. ध्वनिमुद्रणाची कला नुकती जन्मास आली होती, तोंच एका हौशी जिवानें ती आपल्या आवडत्या गायकापुढें नेऊन ठेवली, असें म्हटलें तरी चालेल.

शामा पुढच्या उन्हाळ्यांतही गाईल. त्याचें आजचें गाणें निसटलें तर उद्यां पुन्हा टिपतां येईल. माणसाच्या मैफलीचें तसें नाहीं. एका रात्रीं, एका दिवाणखान्यांत, ठराविक श्रोत्यांसमोर गाइलेला बागेश्री तोच गायक दुसऱ्या रात्रीं तसाच गात नाहीं. तो निसटता प्रसंग धरून ठेवण्याचा उद्योग व्यापारी कंपन्यांनीं जितका केला, त्याहून कितीतरी अधिक निरपेक्षपणें रसिकांनीं केला. त्या रसिकांच्या उद्योगाचा इतिहास आज थोडक्यांत आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

आपल्या देशांत १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें. तेव्हांपासून हिंदुस्थानी संगीत घरोघर पोंचूं लागलें हें खरें. परंतु तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. ज्या ख्यालाची विलंबित बढतच अर्धापाऊण तास चालावयाची, तो ख्याल तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे हत्तीला अंबारीसह देवडींतून आंत घेण्यासारखें होतें. अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या थोर कलावंतानें एवढ्या चिमुकल्या अवकाशांतही अवीट गोडीचें गाणें ठेविलें, हा त्यांच्या प्रतिभेचा महिमा. पण त्या तबकड्यांवरून खांसाहेबांची मैफल कशी उभी राहत असेल याचा तर्कच करावा लागतो.

आणि कित्येकांच्या बाबतींत तर तर्कालाही आधार उरला नाहीं. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे ते गुरु, पुण्याच्या भारत गायन समाजाचे ते संस्थापक. पण त्यांचा आवाज आज कोठेंही ऐकावयास मिळत नाहीं. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खांसाहेब १९४६ सालीं मुंबईस पैगंबरवासी झाले. त्यांच्याही गाण्याची तबकडी मागें राहिली नाहीं. शिष्यांच्या गळ्यांतून आणि वृद्धांच्या आठवणींतूनच या दोघांची ओळख करून घ्यावी लागते. नांव आहे, कीर्ति आहे, परंतु आवाज नाहीं, अशी ही अवस्था आहे.

पाश्चात्य देशांतही असाच प्रश्न उभा होता, आणि तेथें त्याचें पहिलें उत्तर एका ग्रंथपालानें दिलें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा गृहाचे ग्रंथपाल लायोनेल मेपल्सन यांनीं विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं एडिसनचें यंत्र रंगभूमीवरील आडोशाला आणि पुढें वरच्या माचीवर नेऊन, चालू प्रयोगांतील गाणीं मेणाच्या नळकांड्यांवर उतरविण्यास सुरुवात केली. एकेका नळकांड्यावर दोनेक मिनिटें गाणें मावे. खरखर इतकी कीं, गायक वादळांतून हांक मारीत आहे असें वाटावें. तथापि ज्यां द रेश्के या त्या काळच्या नामांकित गायकाचा आवाज आज ऐकावयाचा असेल, तर याच नळकांड्यांकडे जावें लागतें. मेपल्सन यांनीं हें काम हौसेखातर केलें. त्यांच्या हौसेनें इतिहासाची एक पोकळी भरून काढली.

मेणाच्या नळकांड्यांना जें साधलें नाहीं तें चुंबकीय फितीनें साधलें. १९३५ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत अशी फीत वापरणारें यंत्र लोकांपुढें आलें. महायुद्ध संपल्यावर त्याचा प्रसार सर्वत्र झाला, आणि १९५० नंतरच्या काळांत मुंबईपुण्याच्या सधन व हौशी घरांतून अशीं यंत्रें दिसूं लागलीं. सेकंदास पावणेचार इंच या संथ गतीनें बाराशें फुटांची फीत फिरविली, तर एका बाजूस तासाभराचें गाणें मावे. तीन मिनिटांवरून एकदम एक तास! ख्यालाला आपलें अंग पसरावयास प्रथमच जागा मिळाली. पुढें १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें खिशांत मावणारी कॅसेट काढली, आणि जें काम यंत्रवाल्या श्रीमंताचें होतें तें शिक्षकाला आणि कारकुनालाही करतां येऊं लागलें.

हा काळही मोठा अनुकूल होता. १९५२ सालीं आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें १९५३ पासून पुण्यास महोत्सव भरूं लागला. गणेशोत्सवांतील बैठका, गायनसमाजांचे जलसे, एखाद्या डॉक्टरांच्या वा वकिलांच्या दिवाणखान्यांतील मैफली, यांपैकीं कोठें ना कोठें, बैठकीच्या कडेला, यंत्राच्या फिरत्या चकत्यांवर नजर ठेवून एक गृहस्थ बसलेले दिसत. फीत संपत आली कीं त्यांचा जीव खालींवर होई. बुवांनीं तान घेतली आणि नेमकी त्याच वेळीं फीत उलटावी लागली, हें दुःख ज्यानें भोगलें त्यालाच ठाऊक!

या रसिकांच्या संग्रहांत काय सांपडतें? केवळ लांबलचक गाणें नव्हे. तंबोरा जुळवितांनाची कुजबूज, तबलजीला दिलेली लयीची खूण, पहिल्या रांगेंतून आलेली उत्स्फूर्त दाद, आणि त्या दादेनें चेतून गायकानें तीच जागा पुन्हा वेगळ्या वाटेनें घेतलेली, हें सारें त्यांत असतें. चुकलेली सम असते आणि ती हंसून सांवरून घेणेंही असतें. कंपनीच्या तबकडींत गायक यंत्रासाठीं गातो. येथें तो माणसांसाठीं गातो. अमीर खांसाहेब १९७४ सालीं अपघातांत गेले. त्यांच्या हयातींत निघालेल्या तबकड्या थोड्या; त्यांच्या गायकीचा विस्तार आज आपणांस कळतो तो बव्हंशीं आकाशवाणीच्या आणि खासगी बैठकींच्या ध्वनिमुद्रणांवरून. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यास एके काळीं बखरकारासारखें ऐकीव गोष्टींवर विसंबावें लागे. या फितींनीं त्याच्या हातीं अस्सल कागदपत्रें दिलीं.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. ज्याचा आवाज टिपावयाचा त्याची संमति घेतली होती काय? केसरबाई केरकरांचा मैफलींतील ध्वनिमुद्रणाला कटाक्षानें विरोध असे. आयुष्यभर तप करून मिळविलेली विद्या कोणी चोरून घरीं न्यावी आणि तिची नक्कल करावी, हें कलावंताला न रुचल्यास नवल तें कोणतें? दैवाचा खेळ असा कीं, त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेरच्या प्रवासास निघाली. पण ती होती त्यांनीं स्वखुषीनें दिलेल्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांची. कायद्यानेंही हा प्रश्न उशिराच हातीं घेतला. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत गायकवादकांच्या स्वतंत्र हक्काची तरतूद १९९४ च्या दुरुस्तीनें आली. स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं अगर प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठीं केलेलें ध्वनिमुद्रण त्या हक्काचा भंग मानलें जात नाहीं. तेंच बाजारांत विकणें मात्र निराळें. कायद्याची ही रेघ आपल्या विवेकालाही मान्य होण्यासारखी आहे.

संग्राहकांचेही कांहीं दोष सांगितले पाहिजेत. डीन बेनेडेट्टी नांवाच्या अमेरिकन रसिकानें १९४७-४८ सालीं चार्ली पार्कर या जाझवादकाचें वादन ठिकठिकाणीं जाऊन टिपलें. पण त्याची भक्ति इतकी एकनिष्ठ कीं, पार्कर थांबला व दुसरा वाजवूं लागला कीं हा यंत्र बंद करी! तो ठेवा १९९० सालीं प्रकाशित झाला तेव्हां जगाला पार्कर मिळाला, परंतु त्याच्या साथीदारांचें वादन गेलें तें गेलेंच. आपल्याकडेही तबलजीचें नांव न लिहिणारे, ध्वनिमुद्रणें कृपणाच्या धनाप्रमाणें कुलुपांत ठेवणारे, आणि नकलेवरून नक्कल काढीत मूळ आवाज धुरकट करून टाकणारे कमी नाहींत. त्याच वेळीं वर्षानुवर्षें टपालानें कॅसेटी पाठवून अनोळखी रसिकाची तहान भागविणारेही आहेत, हेंही विसरतां कामा नये.

आतां पुन्हा कर्नाळ्याच्या पायथ्याकडे येऊं. त्या दिवशीं दुपारीं स्नेह्यांनीं माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरविली. त्यांचे चुलते मुंबईस नोकरी करीत. गिरगांवांतील बैठकींना ते आपलें यंत्र घेऊन जात, आणि निवृत्त झाल्यावर ती पेटी घेऊन गांवीं येऊन राहिले. पेटींत तीसएक चकत्या होत्या. कोंकणांतल्या दमट हवेनें कित्येकींवर पांढरी बुरशी चढलेली. कांहींचा लेप सुटून फिती एकमेकींस चिकटलेल्या. त्यांतल्या बऱ्या होत्या त्या आम्ही मुंबईच्या एका जाणत्या कारागिराकडून साफ करून उतरवून घेतल्या आणि ऐकल्या.

एका डबीवर चुलत्यांच्या अक्षरांत एवढेंच लिहिलें होतें: बागेश्री, बुवा फार रंगले. साल नाहीं, स्थळ नाहीं, बुवा कोण तें नाहीं. चुलत्यांना तें लिहावयाची गरजच वाटली नसावी. ते बुवा त्यांना इतके जवळचे! गाणें ऐकूं लागलों आणि आम्ही स्तब्ध झालों. भरदार, सांवकाश चालीचा आवाज, मध्यमावर असा ठेहराव कीं बाहेरच्या पावसाचाही विसर पडावा. मग आम्हीं तो चार वृद्ध जाणकारांना ऐकविला. एकानें एक घराणें सांगितलें, दुसऱ्यानें दुसरें. तिसऱ्यानें तबल्याच्या ठेक्यावरून एक नांव सुचविलें, तें चौथ्यानें खोडून काढलें. चुलते जाऊन बारा वर्षें झालीं. ते असते तर एका वाक्यांत उलगडा झाला असता. भास्करबुवांच्या बाबतींत नांव उरलें, आवाज गेला. येथें आवाज उरला, नांव गेलें. दोन्ही हानि सारख्याच. पण पहिली टाळणें कोणाच्या हातीं नव्हतें, दुसरी मात्र एका पेन्सिलीनें टळली असती.

म्हणून आपणांस माझी एक विनंति आहे. आपल्या घरीं, माळ्यावर अगर कपाटाच्या तळाशीं, अशा चकत्या किंवा कॅसेटी असतील, तर बुरशी आलेली फीत तशीच यंत्रावर चढवूं नका. ती जाणकाराच्या हातीं द्या. त्याआधीं, घरांत ज्या वडीलधाऱ्यांनीं ती मैफल ऐकली असेल त्यांच्याजवळ बसा आणि कोण गात आहे, साथीला कोण होतें, कोणाच्या घरीं, कोणत्या सालीं, हें विचारून लिहून ठेवा. फीत दहा वर्षांनींही कदाचित् साफ करतां येईल, पण वडील माणसाची आठवण थांबत नाहीं. गायकाचे वारस माहीत असतील तर एक प्रत त्यांस पोंचवा. संग्रह मोठा असल्यास तो एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करण्याचा विचार करा. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आणि १९८२ सालीं पुण्यांत सुरू होऊन पुढें दिल्लीकडे गेलेलें लोकसंगीत व अभिजात संगीताचें संशोधन-केंद्र, यांसारख्यांच्या कार्यामुळें असे ठेवे अभ्यासकांस खुले झाले आहेत.

स्नेह्यांच्या नातवानें शामाचें गाणें टिपलें, त्याखालीं मीं त्याला तारीख, वेळ आणि जागा लिहावयास सांगितली. त्यानें ती लिहिली. मग आपण होऊन पणजोबांच्या त्या डबीवरही एक चिठ्ठी चिकटविली: गायक अज्ञात, शोध चालू आहे. आपणांपैकीं कोणास पूर्वीं गिरगांवांत बागेश्री रंगविणारे, मध्यमावर रेंगाळणारे असे कोणी बुवा आठवत असतील, तर तें नांव आम्हांस हवें आहे.