वाळ्याचे अत्तर

उत्तरेत बदली होऊन आलेल्या मराठी माणसास वाळा अपरिचित नसतो. माठात सोडलेली वाळ्याची जुडी आपण लहानपणापासून पाहिलेली, आणि कचेऱ्यांच्या दारांवर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्यांची आठवणही जुन्या मंडळींस असेल. परंतु वाळा अंगावर धारण करावयाचा असतो, हे मला उमगले ते येथे आल्यावर, लू सुटलेल्या ज्येष्ठातील एका दुपारी. अत्तरवाल्याने काचेच्या काडीने मनगटावर थेंबभर हिरवट तेल लावले. पहिला वास मुळीच नाजूक नव्हता. नुकत्याच उपटलेल्या ओल्या मुळांचा, किंचित कडवट. मी थोडा निराशच झालो. घटकाभराने कडवटपणा ओसरला आणि मागे जे राहिले त्याला गंध म्हणावे की गारवा, हे ठरविता येईना. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीला तो वास तसाच होता.

हिना, कस्तुरी, अंबर हे थंडीतले. वाळा, गुलाब, मोगरा, केवडा हे उन्हाळ्यातले, हा भेद येथील रसिक कसोशीने पाळतात. आपल्याकडे लग्नमंडपात जो फाया हाती पडेल तो कानात जातो, ही गोष्ट अलाहिदा!

वाळ्यास संस्कृतात उशीर म्हणतात. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदा उशीराचा लेप घेऊन निघालेली आहे, तो शकुंतलेच्या दाहासाठी. हा लेप म्हणजे अत्तर नव्हे. तो ओला लावावयाचा; ओल सुकली की शीतलता संपली. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण लिहिले. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० प्रकार होतात, आणि त्यांची प्रमाणे व क्रम बदलत गेल्यास १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असा हिशेब त्याने मांडला आहे. ज्योतिषी सुगंधाकडे वळला तरी गणित सोडीत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तही विलेपनाचा विचार आहे. आणि आपणांस विशेष जवळची गोष्ट अशी की, ‘गन्धवाद’ नावाच्या एका अज्ञातकर्तृक संस्कृत ग्रंथावर मराठी टीका आहे. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गंगाधराच्या ‘गन्धसारा’सह तो ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९८९ साली छापला. सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या रीती कोणा मराठी माणसाने आपल्या भाषेत समजावून द्याव्यात, याचा अर्थ त्या वाचणारेही होते.

अत्तर मोगलांनी आणले, असे सरसकट म्हटले जाते. शब्द अरबी आहे हे खरे. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला ही लोकप्रिय कथा मात्र खरी नव्हे. जहांगीराने आत्मचरित्रात त्याचे श्रेय तिची आई अस्मत बेगम हिला स्पष्टपणे दिले आहे. गरम गुलाबजल भांड्यांत ओतताना वर तवंग येतो, हे तिने हेरले व तो थोडा थोडा गोळा केला. ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव सुचविले अकबराची विधवा सलीमा सुलतान बेगम हिने, आणि बादशहाने अस्मत बेगमेस मोत्यांचा सर बक्षीस दिला. गुलाबजल आधीपासून होते, त्यावर तवंगही येतच असणार. तो पाहून थबकणारी बाई मोठी म्हटली पाहिजे, आणि मुलीच्या कीर्तीखाली ती झाकली जावी हे मला अन्यायाचे वाटते. वाळ्याच्या बाबतीत अबुल फजल सांगतो की, वाळा भरलेल्या ताट्यांची दालने करून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत अकबराने रूढ केली.

शकुंतलेचा ओला लेप आणि माझ्या मनगटावरचा थेंब यांच्यामध्ये आहे ती कनोजची भट्टी. तांब्याच्या देगेत मुळे व पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात उतरते. अत्तर करावयाचे तर भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते गंध धरून ठेवते. तेल न घालता केवळ मुळांचा अर्क काढला तर तो ‘रूह’. हिरवट रंग येतो तो तांब्याचा. मद्यार्कातील सुगंध उन्हात भराभर उडून जातो. चंदनात मुरलेला सावकाश सुटतो. उन्हाळ्यासाठी तेलाचेच अत्तर का, याचे उत्तर हे. मात्र चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याची जागा पातळ पॅराफिनने घेतली. कनोजच्या अत्तरास भौगोलिक मानांकन मिळाले, पण बाटलीतील तेल चंदनाचे आहे की पॅराफिनचे, हे गिऱ्हाइकाने स्वतःच विचारून घ्यावे लागते.

याच भट्टीवर मातीचेही अत्तर निघते. भाजलेल्या मातीचे तुकडे देगेत घालतात आणि पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरतो. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर व आर. जी. थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा भारतातील अत्तरकार तो पूर्वीपासून काढीत आले आहेत, अशी नोंद त्यांनी आपल्या निबंधात केली. मी त्याची लहानशी कुपी घेतली आहे. ती अद्याप उघडलेली नाही. मृग लागेपर्यंत वाळाच पुरेल.