सारेगामा इंडिया लिमिटेड

कोलकाता येथे मुख्यालय असलेली, ध्वनिमुद्रिकांची निर्मिती आणि संगीताच्या हक्कांचे व्यवस्थापन करणारी भारतीय कंपनी. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग यांनी 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा या व्यवसायाचा भारतात पाया घातला गेला. 1908 मध्ये सियालदह येथे कारखाना निघाला, 1946 मध्ये ‘द ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया’ नोंदली गेली, 1980 च्या दशकात ती गोएंका उद्योगसमूहाकडे आली आणि 2000 मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. तत्पूर्वी ती ‘एच. एम. व्ही.’ या मुद्रेनेच ओळखली जाई.

लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत, त्यामुळे ख्यालासारखा विस्तारशील प्रकार गायकांना आटोपता घ्यावा लागला, तर मुळातच आटोपशीर असलेल्या भावगीताला ती मर्यादा मानवली (पहा : भावगीत). मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायक जी. एन. जोशी यांच्या तबकडीमुळेच वऱ्हाडाबाहेर घरोघर पोचली; पुढे जोशी यांनी कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून काम केले.

ध्वनिमुद्रणाचा हक्क हा शब्द व चाल यांवरील हक्काहून वेगळा असून, 1957 च्या कायद्यानुसार तो प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो (पहा : स्वामित्वहक्क). जुन्या मराठी नाट्यपदांचा व अभिजात गायनाचा मोठा ठेवा कंपनीच्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात असल्याने संगीताच्या इतिहासासाठी तो अनमोल आहे.