भूल म्हणजे झोप नव्हे

शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रुग्णाला डॉक्टर म्हणतात, ‘आता तुम्हाला झोप लागेल.’ धीर देण्यासाठी हे शब्द चांगले. पण ते शास्त्राला धरून नाहीत. झोपलेल्या माणसाला हाक मारली, हलवले की जाग येते. भूल दिलेल्या माणसाला सुरी लागली तरी जाग येत नाही. मराठीत भूल आणि झोप असे दोन वेगळे शब्द आहेत, ते योग्यच आहे. मग शस्त्रक्रियेच्या रुग्णाच्या खऱ्या झोपेचे काय होते? या प्रश्नाचा इतिहास आपण पाहू.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगवले आणि जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर होम्स यांनी या अवस्थेला नाव सुचवले ‘ॲनेस्थेशिया’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ संवेदनेचा अभाव. त्यात झोपेचा उल्लेखही नाही.

टेबलावरच्या वेदनेचा प्रश्न असा सुटला. आधीची आणि नंतरची रात्र मात्र तशीच राहिली. तिच्याकडे लक्ष वेधले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. शुश्रूषेवरच्या १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी गोंगाटावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. पहिल्याच झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणे कठीण, हे त्यांचे निरीक्षण होते.

शस्त्रक्रियेपूर्वी झोप उडवते ती मुख्यतः भीती. तिच्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकात बार्बिट्युरेट गटातील औषधे सर्रास दिली जात. १९६३ मध्ये, त्याच बोस्टनच्या रुग्णालयात, लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी एक साधी तुलना केली. काही रुग्णांना असे औषध दिले. काहींना भूलतज्ज्ञ आधी भेटून उद्या काय होणार हे समजावून गेले. औषध घेतलेले रुग्ण पेंगुळले, पण शांत झाले नाहीत. ज्यांच्याशी कोणी बोलले होते, ते अधिक शांत होते.

शस्त्रक्रियेनंतरची झोप तपासायला मात्र साधन हवे होते. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूतील विद्युतलहरींचे आलेख प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एक विशेष अवस्था दाखवली. तीत मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात आणि बहुतेक ठळक स्वप्ने पडतात. आता झोप नुसती पाहायची नव्हती, मोजता येत होती.

१९८५ मध्ये ऑरेल आणि एल्मक्विस्ट या स्वीडनमधील संशोधकांनी मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या नऊ रुग्णांच्या झोपेचे दोन ते चार दिवस सलग आलेख घेतले. पहिल्या दोन रात्री, दिवसाची डुलकी धरूनही, अगदी हलकी झोप वगळता सरासरी झोप रात्रीला दोन तासांहून कमी भरली! गाढ झोप आणि स्वप्नांची झोप तर जवळजवळ नाहीशीच झाली होती. त्याच वेळी परिचारिकांनी नोंदवलेली झोप प्रत्यक्षापेक्षा नेहमीच जास्त होती. परिचारिका निष्काळजी नव्हत्या. स्वस्थ पडलेला, डोळे मिटलेला माणूस झोपलेलाच दिसतो.

वेदना आणि गोंगाट यांनी या जागरणाचा थोडाच भाग स्पष्ट होत होता. शरीराला झालेल्या इजेमुळे तणावाची संप्रेरके वाढतात, दाह होतो. मॉर्फीनसारखी वेदनाशामके गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही दडपतात. १९९० च्या सुमारास आणखी एक गोष्ट कळली. दडपलेली स्वप्नांची झोप काही रात्रींनी उसळून परत येते. तेव्हा भयाण स्वप्ने पडतात, श्वास अनियमित होतो आणि रक्तातील ऑक्सिजन घटू शकतो.

म्हणून आता झोपेकडे उपचाराचाच भाग म्हणून पाहिले जाते. शक्य तिथे मॉर्फीनसारखी औषधे कमी वापरणे, रात्री दिवे मंद ठेवणे, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी असे साधे उपाय सुचवले जातात. यातले काही नाइटिंगेलबाईंनाही पटले असते.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: शेजारचा माणूस झोपला आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? मुले म्हणतील, डोळे मिटलेले असतात, हालचाल नसते. मग त्यांना त्या नऊ रुग्णांची गोष्ट सांगा. शस्त्रक्रिया झालेल्या नातेवाइकाला भेटायला जाताना ती त्यांच्या उपयोगी पडेल.