कीटकनाशकाचीच परीक्षा

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरी एक प्रसंग दरवर्षी ठरल्यासारखा घडतो. गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेली दिव्यांची माळ बाहेर निघते. तिचा एक तुकडा पेटत नाही. घरातला एखादा हौशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो आणि अर्ध्या तासाने तो तुकडा पेटवून दाखवतो. सगळे वाहवा करतात, आणि रात्री गॅलरीत माळ लावल्यावर कळते की मघाशी पेटत असलेला दुसराच तुकडा आता काळा पडला आहे. दुरुस्ती करणाऱ्याचा यात फारसा दोष नसतो. त्याने जे बिघडले होते त्याकडे पाहिले. जे चालू होते त्याकडे पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

संगणकाच्या प्रोग्रामांना हा रोग जन्मापासून जडलेला आहे आणि त्याला ‘रिग्रेशन’ असे नाव आहे. एक चूक काढावी आणि त्याच दुरुस्तीने कालपर्यंत नीट चालणारे काही मोडावे. आयबीएमच्या ओएस-३६० या अवाढव्य प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली आपल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हिशेब मांडला, की एका चुकीची दुरुस्ती करताना दुसरी चूक घुसण्याचा संभव शेकडा वीस ते पन्नास असतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर आधीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. आणि हे फार खर्चाचे काम आहे, हेही त्यांनी लपवले नाही. माणूस एखादी गोष्ट एकदा तपासतो, फार तर दोनदा. तीच गोष्ट पाचशेव्यांदा तपासायला बसवले तर तो न पाहताच मान डोलावतो. हे काम यंत्राकडे सोपवणे भाग होते. पण एका जातीच्या प्रोग्रामांनी या बाबतीत मोठी पंचाईत केली, आणि गंमत अशी की ती जात म्हणजे चुका शोधून देणाऱ्या प्रोग्रामांचीच!

तिची कुळकथा जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ च्या मे महिन्यात एडसॅक हा संगणक चालू झाला आणि काही आठवड्यांतच त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना उमगले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रामांतल्या चुका हुडकण्यात जाणार आहे. यंत्राची खोली आणि फिती पाडण्याची जागा यांमध्ये ये-जा करताना जिन्यावर हा विचार आपल्या मनात आला, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवले. त्यांची त्या काळातली १२६ ओळींची एक फीत पुढे सापडली, तीत वीसएक चुका निघाल्या. त्यांचे तरुण सहकारी स्टॅनली गिल यांनी १९५१ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. चुकलेल्या प्रोग्रामाला दुसऱ्या प्रोग्रामाच्या देखरेखीखाली पावलापावलाने चालवायचे आणि तो कोठून कसा गेला हे छापून घ्यायचे. मुलाच्या मागे सावलीसारखे जाऊन, शाळेतून तो थेट घरी येतो की बोरे पाडायला जातो, ते पाहण्यासारखेच हे झाले.

पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये टीएक्स-० या यंत्रासाठी असाच एक प्रोग्राम झाला, त्याचे नाव फ्लिट. संगणकातल्या चुकीला किडा म्हणण्याची चाल पडलीच होती, तेव्हा कीटकनाशकाचे नाव देणे ओघानेच आले. आपल्याकडे डास झाले की जो फ्लिटचा पंप फसफसत असे, तेच हे नाव. १९६१ च्या सुमारास तेथेच पीडीपी-१ या यंत्रासाठी पुढचा प्रोग्राम लिहिला गेला, त्याचे नाव डीडीटी. त्या काळचे लोक नावे ठेवण्यात तरी नक्कीच आपल्यापेक्षा रसिक होते. आज आपण नुसते ‘डीबगर’ म्हणतो.

आपली गोष्ट ज्या डीबगरची आहे तो जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला. याचा स्वभाव संभाषणाचा. तो कंसात आपले नाव लिहून थांबतो, म्हणजे ‘बोला’. तुम्ही म्हणता, अमुक ओळीवर थांब. तो ‘ब्रेकपॉइंट १’ असे म्हणून पत्ता सांगतो. मग तुम्ही प्रोग्राम चालू करता आणि तो खरोखर त्या ओळीवर येऊन उभा राहतो. यामागची करामत पाहण्यासारखी आहे. इंटेलच्या यंत्रांवर डीबगर त्या जागेवरच्या मूळ आज्ञेचा पहिला बाइट बाजूला काढून ठेवतो आणि तेथे ‘थांबा’ या अर्थाचा एक बाइट घालतो. प्रोग्राम तेथे पोहोचला की अडखळतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम डीबगरला वर्दी देते. मग डीबगर काढलेला बाइट परत जागी ठेवून, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या हुकुमाची वाट पाहतो. सुरुंग पेरावा आणि पाऊल पडताच निकामी करावा, तसे हे काम. यात अर्ध्या पावलाची चूक झाली तर डीबगर भलतीच ओळ दाखवतो किंवा भलतीच किंमत सांगतो.

आणि ते साधे बिघडणे नसते. हिशेबाचा प्रोग्राम चुकला तर हिशेब चुकतो, पण डीबगर खोटे बोलला तर दुसऱ्याचा निर्दोष प्रोग्राम दोषी ठरतो. बिचारा प्रोग्रामर दोन-दोन रात्री जागून, नसलेली चूक शोधत बसतो. घरातला तापमापकच बिघडल्यावर मुलाला काढे पाजण्यासारखा हा प्रकार. म्हणून जीडीबीत कोणी ओळभर बदल केला तरी जुने सगळे शाबूत आहे ना, हे पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

पण पाहणार कसे? साध्या प्रोग्रामाची चाचणी सोपी असते: एका बाजूने माहिती घालावी, दुसऱ्या बाजूने उत्तर घ्यावे आणि अपेक्षित उत्तराशी ताडून पाहावे. जीडीबी मात्र समोर माणूस बसला आहे असे धरून बोलतो. पुढचा प्रश्न मागच्या उत्तरावर अवलंबून, आणि चाचणीतला प्रोग्राम मध्येच कोसळला तर संभाषणच वेगळे वळण घेते. म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची तर कळफलकापाशी बसून टंकणारा, उत्तर वाचणारा आणि त्याप्रमाणे पुढे बोलणारा तोतया माणूस हवा.

तो तोतया अमेरिकेच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तयार झाला, आणि तोही निराळ्याच कामासाठी. मापनांची मानके सांभाळणाऱ्या त्या राष्ट्रीय संस्थेत, जिला आज निस्ट म्हणतात, डॉन लिब्स नावाचे संशोधक होते. युनिक्सवरच्या हटवादी प्रोग्रामांना ते कंटाळले होते. डिस्क दुरुस्त करणारा ‘एफएससीके’ घ्या. तो प्रत्येक गोष्टीला ‘करू का?’ विचारणार. माणूस समोर बसवायचा नसेल तर त्याला एकच सांगता येई: सगळ्याला हो, किंवा सगळ्याला नाही. ‘अमुक विचारले तर हो म्हण, तमुक विचारले तर नाही’ हे सांगण्याची सोय नव्हती. लिब्स यांच्या डोक्यात १९८७ पासून घोळत असलेल्या कल्पनेला एक भाषा हवी होती. ती १९९० च्या जानेवारीत मिळाली, जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएलच्या रूपाने. या भाषेचे नाव तिचे चाहते ‘टिकल’ असे उच्चारतात, म्हणजे गुदगुल्या! काही महिन्यांतच ‘एक्स्पेक्ट’ तयार झाला. हा दुसऱ्या प्रोग्रामापुढे खोटे टर्मिनल मांडतो, त्यामुळे समोर माणूसच आहे अशी त्या प्रोग्रामाची समजूत होते. मग एक्स्पेक्ट पाठवतो, वाट पाहतो, आणि आलेल्या मजकुरात हवा तो नमुना सापडला की पुढे सरकतो. ठरलेल्या वेळात, सांगितले नसेल तर दहा सेकंदांत, काही आले नाही तर ‘उत्तर नाही’ असे धरतो.

याच सुमारास, १९८९ साली, कॅलिफोर्नियात सिग्नस सपोर्ट नावाची कंपनी निघाली होती. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांची देखभाल करून पैसे मिळवायचे, हा तिचा धंदा. हे ऐकून त्या वेळी अनेकांनी भुवया उंचावल्या असतील. तिच्या संस्थापकांपैकी जॉन गिलमोर यांच्याकडे १९९० पासून काही वर्षे जीडीबीची जबाबदारी होती. गिऱ्हाइके निरनिराळ्या चिपांची. कोणाचे कार्ड टेबलावर केबलने जोडलेले, कोणाचे मोठे यंत्र. प्रत्येकावर प्रत्येक सुधारणेनंतर जीडीबी हाताने तपासणे अशक्यच. तेव्हा तेथल्या रॉब सावॉय यांनी एक्स्पेक्टवर बेतलेला ‘डेजाग्नू’ उभा केला. हे पूर्वी पाहिले आहे असे वाटण्याला फ्रेंचांनी दिलेल्या शब्दावरून हे नाव घेतले. जुनीच चाचणी पुन्हा पाहणाऱ्या साधनाला याहून समर्पक नाव मला तरी सुचणार नाही.

चाचणीचे रूप साधे असते. ठरावीक ओळींचा छोटासा सी प्रोग्राम, आणि शेजारी संवादाची संहिता. पत्ता प्रत्येक यंत्रावर निराळा यायचा, म्हणून संहितेत ‘कोणताही पत्ता चालेल, पण तो पत्ताच असावा’ अशी ढील असते. सगळे कौशल्य या ढिलीत आहे. घट्ट ठेवली तर निर्दोष डीबगर नापास होतो; सैल सोडली तर ‘काहीही आले तरी चालेल’ असे होऊन बसते, आणि ती चाचणी वर्षानुवर्षे पास-पास म्हणत काहीही तपासत नाही.

निकालांची भाषाही विचारपूर्वक ठरली होती. पास आणि फेल यांशिवाय ‘अनिर्णित’, ‘न तपासलेले’ असे वर्ग पॉझिक्स मानकातून घेतले होते, आणि त्या मानकात नसलेले ‘अपेक्षित फेल’ व ‘अनपेक्षित पास’ हे वर्गही होते. यातल्या ‘अपेक्षित फेल’ने घोळ घातला. कंपायलरच्या चुकीमुळे चाचणी फसली की हा शिक्का मारायचा, तसाच स्वतः जीडीबीच्या माहीत असलेल्या, पण अजून न काढलेल्या चुकीवरही. शेजाऱ्याचे कर्ज आणि आपले कर्ज एकाच वहीत एकाच रकान्यात! या शतकाच्या सुरुवातीस जीडीबीच्या मंडळींनी ‘ज्ञात फेल’ असा निराळा वर्ग काढला. दुसऱ्याची चूक जुन्या रकान्यात राहिली. आपली असेल तर ती नव्यात, सोबत तक्रारीच्या नोंदीचा क्रमांक लावून. मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. त्याने डीबगरची एकही चूक दुरुस्त झाली नाही, पण आपल्या चुकीला दुसऱ्याच्या नावाखाली झोपू देण्याची सोय मात्र गेली.

आज हा चाचणीसंच एकदा पूर्ण चालवला की लाखाहून अधिक निकाल बाहेर पडतात. बदल सुचवणाऱ्याने तो बदलाआधी एकदा आणि बदलानंतर एकदा चालवावा आणि दोन याद्या ताडून पाहाव्यात, असा रिवाज आहे. नावावरून ताळा जमवायचा, तर दोन चाचण्यांचे नाव एकच असून कसे चालेल? म्हणून २०२० पासून एकसारखी नावे कोठे आली आहेत, हेही संच स्वतःच मोजून सांगतो.

तरी एक दुखणे राहिले. काही चाचण्या आज पास, उद्या फेल, परवा पुन्हा पास. कोणी काहीच बदललेले नसते. कारण असे निघाले, की जीडीबीचे उत्तर कधी एका दमात येते, कधी तुकड्यांनी. घाईत लिहिलेली संहिता ‘ब्रेकपॉइंट १’ एवढे दिसताच पुढचा प्रश्न टाकते, आणि मागच्या उत्तराची उरलेली शेपटी पुढच्या उत्तरात मिसळते. यंत्र मोकळे असेल तर सगळे एकदम येऊन निभावते, कामात असेल तर नाही. अशा चाचणीला पकडायचे तर तिला नेहमीच वाईट दिवस दाखवायला हवा. म्हणून ‘रीड-१’ नावाची एक सोय करण्यात आली. ती एक्स्पेक्ट आणि टर्मिनल यांच्यामध्ये बसते आणि एक्स्पेक्टने कितीही मागितले तरी एका वेळी एकच अक्षर त्याच्या हाती ठेवते. तान्ह्या मुलाला भात भरवावा तसे. वर्षानुवर्षे पास होत आलेल्या कित्येक चाचण्या या एका-एका अक्षराच्या घासाने फेल होऊ लागल्या, आणि त्या एकेक करून नीट लिहून काढण्याचे काम सुरू झाले.