इन्शुलिन-उपचारांच्या स्वीकारातील अडथळे : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. अर्क अशुद्ध होता. गुण बेताचाच आला. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीस दिल्यावर मात्र रक्तातील साखर झपाट्याने उतरली. औषध इतके जुने असूनही ते रुग्णापर्यंत उशिरा का पोहोचते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच सामाजिक इतिहासाचा आहे.

आरंभीचे अडथळे उघड दिसणारे होते. काचेची सिरिंज व जाड सुई उकळणे, फ्रिज नसलेल्या घरी कुपी माठाच्या गारव्यात जपणे, हा नित्याचा व्याप होता. शिवाय गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडापासून काढलेले इन्शुलिन अनेक घरांत धर्मसंकट ठरे. जनुकीय तंत्राने निर्मिलेल्या मानवी इन्शुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वोक्हार्टने २००३ मध्ये भारतीय बनावटीचे मानवी इन्शुलिन आणले, तेव्हा हा पेच बराच सुटला. बारीक सुया व पेन यांनी वेदनाही कमी केली. खर्चाचा प्रश्न तेवढा उरला.

मनातील अडथळा अधिक चिवट निघाला. ‘एकदा सुई लागली की सुटत नाही’, ‘इन्शुलिन म्हणजे शेवटचा टप्पा’ या समजुती सर्वपरिचित आहेत. गोळ्या अपुऱ्या पडणे हा रुग्णाच्या पथ्याचा दोष मानला गेला आणि काही डॉक्टरांनीही इन्शुलिनचा धाकच घातला. वस्तुतः स्वादुपिंडातील बीटा पेशींचे कार्य काळानुसार मंदावत जाते, हे ब्रिटनमधील दीर्घकालीन अभ्यासातून १९९० च्या दशकातच दिसून आले होते.

येथे पुण्याचे योगदान महत्त्वाचे ठरते. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा देहभारांक सारखाच, २२.३, होता, शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाश्चात्त्य मापदंड येथे जसेच्या तसे लावण्याविषयी शंका बळावली. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पंचेचाळिशीच्या आत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह जडलेल्या पुण्यातील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण तीव्र इन्शुलिन-न्यूनतेच्या गटात आढळले. यावरून सर्वांनाच प्रथमपासून इन्शुलिन द्यावे, असे ठरत नाही. तो निर्णय व्यक्तिगणिक तपासणीनेच घ्यावा लागेल. परंतु ज्याच्या शरीरात इन्शुलिनच अपुरे निर्माण होते, त्याला सुई ही अपथ्याची शिक्षा म्हणून सांगणे मात्र यापुढे शास्त्राच्या आधारे शक्य नाही.